नीळ, ॲनिलीन आणि हातातला पडदा

पनवेलहून रोह्याकडे जाणारा लोहमार्ग रायगड जिल्ह्यातल्या तीन गावांना जोडतो, आणि या तीन गावांनी गेल्या अर्धशतकात तीन वेगवेगळी रसायनं बनवली. रसायनीत ॲनिलीन, नागोठण्यात पॉलिथिन, रोह्यात निळं रंगद्रव्य. पहिला कारखाना आता बंद आहे. उरलेल्या दोन ठिकाणचा माल आपल्या घरात पिशवी, पाइप, रंग, शाई अशा रूपांत येत असतो. मी उलव्यात राहतो. तेही याच जिल्ह्यातलं, पनवेल तालुक्यातलं गाव.

तुम्ही हे ज्या फोनवर वाचताय त्याचा पडदा ओएलईडी असेल, तर त्यातला प्रकाश सिलिकॉन देत नाही. तो देतात कार्बनचे रेणू, केसाच्या जाडीच्या काहीशेव्या भागाइतक्या पातळ थरांत अंथरलेले. कार्बनी पदार्थ अर्धवाहक असू शकतो, त्यातून दिवा बनू शकतो, ट्रान्झिस्टर बनू शकतो, सोलर सेल बनू शकतो, हे जगाला कळायला शंभराहून जास्त वर्षं लागली. तो सगळा प्रवास रंगांच्या धंद्यातून झाला. आणि रंगांचं रसायनशास्त्र ही गोष्ट मुंबई-पुण्याला अजिबात नवखी नव्हती. म्हणून हा इतिहास वाचताना एक प्रश्न मागे लागतो. पदार्थ आपल्याकडे होता, त्याचे जगन्मान्य जाणकार आपल्याकडे होते. मग त्यातली वीज आपल्याकडे इतक्या उशिरा का दिसली?

नावातली नीळ

सुरुवात शब्दापासून करू. ॲनिलीन हे नाव आलं ‘अनिल’वरून. पोर्तुगीज भाषेत अनिल म्हणजे नीळ. पोर्तुगीजांनी तो शब्द अरबांकडून घेतला आणि अरबांकडे तो आपल्याच ‘नीली’वरून गेला. १८२६मध्ये ओटो उन्फरडॉर्बेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने निळीचं ऊर्ध्वपातन करून एक तेलकट द्रव मिळवला. १८३४मध्ये फ्रीडलीब रुंगेला तोच पदार्थ डांबरात सापडला. पुढे कार्ल फ्रिट्शेने निळीवर कॉस्टिक पोटॅशची क्रिया करून तो पुन्हा काढला आणि त्याला ॲनिलीन हे नाव दिलं.

१८५६मध्ये लंडनच्या विल्यम पर्किनने, वयाच्या अठराव्या वर्षी, क्विनाइन बनवायला म्हणून ॲनिलीन घेतलं आणि हाती आला जांभळा रंग. तिथून कृत्रिम रंगांचा उद्योग सुरू झाला. ही गोष्ट पाठ्यपुस्तकांत असते. तिच्या शेजारची गोष्ट सहसा नसते.

हेन्री लेथेबी हे लंडनमधले डॉक्टर. नायट्रोबेंझीन आणि ॲनिलीन यांच्या विषबाधेचा अभ्यास करताना १८६२मध्ये त्यांनी ॲनिलीनच्या आम्लयुक्त द्रावणातून वीज सोडली. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडवर निळसर-हिरवा थर जमला. त्यांनी रंग कसा बदलतो ते नीट टिपून ठेवलं. आज आपण त्या थराला पॉलिॲनिलीन म्हणतो. ॲनिलीनचे रेणू एकमेकांना जोडून बनलेली ती साखळी, आणि ती वीज वाहून नेते. लेथेबींच्या भांड्यात विजेवर बनलेला, वीज वाहणारा पॉलिमर होता. पण त्या काळात पॉलिमर ही कल्पनाच जन्मली नव्हती, आणि रंगाच्या थरातून वीज जाते का, हे तपासावं असं कोणाला वाटण्याचं कारणही नव्हतं.

त्यानंतर वर्षभरात लँकेशायरमधल्या जॉन लाइटफूट नावाच्या कापडछपाईवाल्याने ॲनिलीन ब्लॅकचं पेटंट घेतलं. सुती धाग्याच्या आतच ॲनिलीनचं ऑक्सिडेशन करून बनवलेला गडद, पक्का काळा रंग. छत्रीच्या कापडासाठी तो अनेक दशकं वापरात राहिला. हा काळा रंग म्हणजे पॉलिॲनिलीनचाच सख्खा भाऊ. वीज वाहणाऱ्या पॉलिमरांच्या घराण्यातली वस्तू लोक पावसात डोक्यावर धरून फिरत होते आणि तिला फक्त ‘काळं’ म्हणत होते.

उलट बाजूने याच ॲनिलीनने आपल्याकडे वेगळाच इतिहास घडवला. १८९७मध्ये जर्मनीच्या बीएएसएफने कृत्रिम नीळ बाजारात आणली. १९०१नंतर हेक्स्ट ही दुसरी जर्मन कंपनी थेट ॲनिलीनपासून नीळ बनवू लागली. ज्या पदार्थाचं नाव निळीवरून पडलं, त्याच पदार्थाने शेतातली नीळ बाजारातून उठवली. चंपारणच्या शेतकऱ्यांच्या हालांमागे जी कोसळती बाजारपेठ होती, तिचा एक धागा इथे आहे.

माटुंगा आणि टोकियो

१ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने रसायन तंत्रज्ञान विभाग सुरू केला. जुनी मंडळी आजही त्याला यूडीसीटी म्हणतात, आताचं नाव आयसीटी. शहर कापडगिरण्यांचं होतं, त्यामुळे वस्त्ररसायन आणि केमिकल इंजिनीअरिंग या विषयांनी सुरुवात झाली. १९३८मध्ये के. वेंकटरामन तिथे पहिले भारतीय संचालक झाले. १९४३पासून विभाग माटुंग्यात आला. वेंकटरामन यांचा ‘द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज’ हा ग्रंथ १९५२मध्ये दोन खंडांत निघाला आणि पुढे आठ खंडांपर्यंत वाढला. जगभरच्या रंगरसायनशास्त्रज्ञांच्या टेबलावर असणारं पुस्तक मुंबईत लिहिलं गेलं होतं. त्यात रंग कसे बनतात, कसे टिकतात, धाग्याला कसे चिकटतात, त्यांच्या रेणूंची रचना काय, हे सगळं आहे. १९५७मध्ये वेंकटरामन पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, पहिले भारतीय संचालक झाले. १९६६मध्ये त्यांच्यानंतर आले बाळ दत्तात्रय टिळक. तेही माटुंग्याच्या मुशीतले आणि रंगांचेच जाणकार. १९७८पर्यंत, म्हणजे सलग एकवीस वर्षं, देशातल्या सर्वात मोठ्या रासायनिक प्रयोगशाळेच्या प्रमुखपदी रंगांची माणसं होती.

आता त्याच काळात जगात इतरत्र काय चाललं होतं ते पाहा. १९४८मध्ये इंग्लंडमध्ये डॅनिएल एली आणि सोव्हिएत रशियात ए. टी. वर्तान्यान यांनी स्वतंत्रपणे दाखवलं, की थॅलोसायनिन नावाचं निळं रंगद्रव्य अर्धवाहकासारखं वागतं. तापमान वाढलं की धातूची वाहकता कमी होते. इथे ती वाढत होती, आणि हीच अर्धवाहकाची खूण. १९५०मध्ये टोकियोत हिदेओ आकामात्सु आणि हिरोओ इनोकुची यांनी व्हायोलँथ्रोनसारख्या पदार्थांची वाहकता मोजली. व्हायोलँथ्रोन म्हणजे सुती कापडाचा गडद निळा व्हॅट रंग. १९५४मध्ये याच गटाने पेरिलीन या रेणूला ब्रोमीनची जोड दिली आणि वाहकता एकदम उंचावली. ‘ऑरगॅनिक सेमीकंडक्टर’ ही संज्ञा इनोकुचींमुळे रूढ झाली.

रेणू तेच होते. वेंकटरामन यांच्या ग्रंथाचा विषय असलेल्या घराण्यातलेच. माटुंग्यातला प्रश्न होता, ‘हा रंग धुतल्यावर टिकेल का?’ टोकियोतला प्रश्न होता, ‘याला दोन तारा लावल्या तर काय होईल?’

टिळकांच्या कामात हा योगायोग आणखी ठळक दिसतो. थायोफिन हे गंधकाचा एक अणू असलेलं पाच कोनांचं वलय. अशी वलयं बेंझीनच्या वलयांना चिकटवून बनणाऱ्या जोडरेणूंवर टिळकांनी १९५०च्या दशकात बरंच काम केलं, आणि १९६०मध्ये टेट्राहेड्रॉन या नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. त्यांचा हेतू कर्करोगाशी संबंधित होता. बहुवलयी रेणू कर्करोग घडवतात, मग त्यातलं एखादं वलय बदलून थायोफिनचं घातलं तर काय होतं, हे त्यांना पाहायचं होतं. आज ऑरगॅनिक ट्रान्झिस्टर बनवणाऱ्या प्रयोगशाळांत सर्वात भरवशाचे मानले जाणारे पदार्थ याच घराण्यातले आहेत, जोडवलयांचे थायोफिन. टिळकांनी ते विजेसाठी बनवले नव्हते. त्या वेळी तसा विचार करणारे जगातही बोटांवर मोजण्याइतके होते.

म्हणून दोष एकट्या मुंबईला देता येत नाही. थॅलोसायनिन विकणारी ब्रिटनची आयसीआय असो की जर्मनीचे रंगसम्राट, सगळ्यांनी वर्षानुवर्षं तो पदार्थ रंग म्हणूनच पिंपांत भरला. फरक पडला तो जिथे रसायनशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ एका टेबलावर बसले तिथे. आपल्याकडे टाटा मूलभूत संशोधन संस्था १९४५पासून होती आणि माटुंगा ते कुलाबा हे अंतर तासाभराचं. पण रंग ही कापडाची बाब आणि अर्धवाहक ही जर्मेनियम-सिलिकॉनची, ही विभागणी त्या काळी सगळ्यांनाच स्वाभाविक वाटत होती.

हजारपट कॅटॅलिस्ट

आता लोहमार्गावरच्या दुसऱ्या गावाचा, नागोठण्याचा पदार्थ घेऊ. पॉलिथिन ही कार्बनची लांब साखळी. कार्बनला चार हात असतात. पॉलिथिनमध्ये दोन हात शेजारच्या कार्बनांना धरतात, दोन हात हायड्रोजनला. चारही हात अडकलेले, एकही इलेक्ट्रॉन मोकळा नाही. म्हणून तर पॉलिथिन केबलच्या वेष्टणाला वापरतात.

प्रत्येक कार्बनचा एक हायड्रोजन काढून घेतला, तर एक हात रिकामा होतो. शेजारचे दोन कार्बन रिकामे हात एकमेकांत गुंफतात आणि साखळीत एकेरी-दुहेरी-एकेरी-दुहेरी असे बंध येतात. ही झाली पॉलिॲसिटिलीन. या दुहेरी बंधांतले इलेक्ट्रॉन एका जागी घट्ट बसत नाहीत, ते साखळीभर पसरू शकतात. तरीही नुसत्या पॉलिॲसिटिलीनमधून वीज फारशी जात नाही. कारण समजायला गच्च भरलेली लोकल आठवा. डब्यात इतकी दाटी की कोणालाच हलता येत नाही. पण एक माणूस उतरला, की त्याच्या जागी शेजारचा सरकतो, त्याच्या जागी तिसरा, आणि रिकामी जागा डब्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाते. पॉलिमरमधून असा एखादा इलेक्ट्रॉन उतरवायचं काम आयोडीन किंवा ब्रोमीन करतं. यालाच डोपिंग म्हणतात.

१९६७मध्ये टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत पॉलिॲसिटिलीन बनवताना कॅटॅलिस्ट चुकून हजारपट जास्त पडलं. नेहमी काळी भुकटी मिळायची, त्याऐवजी चांदीसारखी चकचकीत फिल्म मिळाली. ती टाकून न देता शिराकावांनी तिचा अभ्यास केला. १९७५मध्ये अमेरिकेचे ॲलन मॅकडायर्मिड टोकियोला आले. त्यांनी स्वतःचा सोनेरी पॉलिमर दाखवला, शिराकावांनी चंदेरी दाखवला, आणि मॅकडायर्मिड त्यांना पेनसिल्व्हेनियाला घेऊन गेले. तिथे भौतिकशास्त्रज्ञ ॲलन हीगर होते. २३ नोव्हेंबर १९७६ रोजी चंदेरी फिल्मला ब्रोमीन दिलं आणि तिची वाहकता एक कोटीपट वाढली. १९७७मध्ये शोधनिबंध आला, २००० साली तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

यातला एक किस्सा फार बोलका आहे. हीगर पहिल्यांदा मॅकडायर्मिडकडे गंधक-नायट्रोजनच्या पॉलिमरची चौकशी करायला गेले. त्याचं सूत्र एसएन-एक्स. मॅकडायर्मिडनी ते ‘एसएन’ म्हणजे कथिल असं ऐकलं, कारण कथिलाची रासायनिक खूणही तीच. कथिल धातू आहे हे मला कशाला सांगताय, असं त्यांना वाटलं. भौतिकशास्त्रज्ञ आणि रसायनशास्त्रज्ञ एकाच भाषेत बोलत असूनही एकमेकांना कळत नव्हते. दोघं भेटत राहिले, म्हणून पुढचं घडलं.

रसायनी

पॉलिॲसिटिलीनला एक रोग होता. हवा लागली की ती खराब होई. म्हणून १९८०च्या दशकात मॅकडायर्मिड टिकाऊ पदार्थाच्या शोधात निघाले आणि पोहोचले थेट लेथेबींच्या हिरव्या थराजवळ, म्हणजे पॉलिॲनिलीनपाशी. स्वस्त, हवेत टिकणारा. शिवाय आम्लात बुडवला की वीज वाहू लागतो आणि अल्कलीत बुडवला की थांबतो, असा गुणी पदार्थ.

त्याचा कच्चा माल, ॲनिलीन, तेव्हा पनवेलच्या पुढे पाताळगंगेच्या काठी बनत होता. हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स, म्हणजे एचओसी, ही सरकारी कंपनी १२ डिसेंबर १९६० रोजी स्थापन झाली. रंग, औषधं, कीटकनाशकं, रबराची रसायनं यांच्यासाठी लागणारे मूळ पदार्थ आयात करावे लागू नयेत, हा तिचा हेतू. रसायनीच्या कारखान्यात नायट्रोबेंझीन आणि त्यापासून ॲनिलीन बनू लागलं. नायट्रोबेंझीन आणि ॲनिलीन हीच लेथेबींची जोडी.

एचओसीमुळे देशभरातल्या रंग आणि औषधांच्या कारखान्यांना घरचा कच्चा माल मिळाला. एका पिढीने तिथे नोकऱ्या केल्या, वसाहत उभी राहिली, शाळा झाली. पण ॲनिलीन हा पिंपाने विकायचा माल होता. आयात स्वस्त झाली, कारखाना जुना होत गेला, तोटा वाढत गेला. मे २०१७मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रसायनीचे तोट्यातले प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. जमिनीचा मोठा भाग भारत पेट्रोलियमकडे गेला. एक प्लांट मात्र वाचला, तो नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा. कारण हे रसायन इस्रोच्या रॉकेटांच्या द्रव-इंधन टप्प्यांत ऑक्सिडायझर म्हणून लागतं. तो प्लांट इस्रोकडे सोपवला गेला.

पवईतला सेन्सर

प्रश्न विचारला गेलाच नाही, असं मात्र नाही. १९९२मध्ये ॲनालिटिकल केमिस्ट्री या नियतकालिकात आयआयटी मुंबईचा एक छोटा शोधनिबंध आला. विषय होता कंडक्टिंग पॉलिमरवर आधारलेला बायोसेन्सर, आणि पॉलिमर होता पॉलिॲनिलीन.

कल्पना साधी आणि सुंदर आहे. पॉलिॲनिलीनची वाहकता आजूबाजूच्या आम्लतेवर अवलंबून असते. आता त्याच्या थरात एखादं एन्झाइम अडकवून ठेवायचं. युरिएझ हे एन्झाइम युरियाचं विघटन करतं, त्यातून अमोनिया तयार होतो, आम्लता बदलते. ती बदलली की पॉलिमरची वाहकता बदलते. म्हणजे युरिया किती आहे, हे थेट विजेच्या भाषेत वाचता येतं. एन्झाइम बदललं की तोच सेन्सर ग्लुकोज मोजतो. लेथेबींनी ज्या गुणाला रंगबदल म्हणून वहीत टिपलं, तोच गुण इथे मोजमापाचं साधन झाला.

त्या निबंधाचे लेखक पाहण्यासारखे आहेत. ए. क्यू. काँट्रॅक्टर हे रसायनशास्त्राचे, राकेश लाल इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंगचे, आर. एस. श्रीनिवास पदार्थविज्ञानाचे, एन. एस. पुणेकर जैवतंत्रज्ञानाचे. इतक्या विभागांची माणसं एका पातळ थराभोवती जमली होती. माटुंग्यात १९५२ साली ज्ञान कमी नव्हतं. पण त्या ज्ञानाशेजारी तारा आणि मीटर घेऊन बसणारं माणूस नव्हतं. पवईत ते होतं. पुढे कुलाब्यातही टाटा संस्थेत के. एल. नरसिंहन आणि एन. पेरियासामी यांनी ऑरगॅनिक प्रकाशदिव्यांवर काम केलं, पुण्यात एनसीएलमध्ये एस. राधाकृष्णन यांनी पॉलिॲनिलीनचा उपयोग गंजरोधक लेपांसाठी केला. उशीर झाला होता, पण दार उघडलं होतं.

रोह्याचा निळा

लोहमार्गाचं शेवटचं गाव रोहा. इथे सुदर्शन केमिकल या पुण्याच्या कंपनीचा कारखाना आहे. कंपनी १९५१ची, आणि तिच्या मालात थॅलोसायनिनची निळी आणि हिरवी रंगद्रव्यं आहेत. छापील कागदावरचा निळा, प्लॅस्टिकच्या बादलीचा निळा, गाडीच्या पत्र्याचा निळा, यांत बहुतेकदा कॉपर थॅलोसायनिन असतं.

या रंगाचा जन्मही अपघाती. १९२८मध्ये स्कॉटलंडच्या ग्रेंजमथ इथल्या कारखान्यात थॅलिमाइड बनवताना भांड्याच्या आतल्या काचेच्या लेपाला तडा गेला. लोखंड मिश्रणात उतरलं आणि पांढऱ्या मालात निळा डाग दिसला. पॅट्रिक लिन्स्टेड यांनी त्याची रचना उलगडली, १९३५मध्ये तो मोनॅस्ट्रल ब्लू या नावाने बाजारात आला.

वीज आणि हा निळा यांची गाठ पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर पडली ती कॉपी-मशीनमध्ये. त्यातल्या ड्रमवर प्रकाश पडला की वीज वाहू देणारा थर लागतो. १९७०मध्ये आयबीएमने आपल्या कॉपियरमध्ये त्यासाठी कार्बनी पॉलिमर वापरला. नंतर लेझर प्रिंटरच्या ड्रममध्ये थॅलोसायनिन घराण्यातली रंगद्रव्यं स्थिरावली. म्हणजे नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आपण गेली कित्येक वर्षं ऑरगॅनिक सेमीकंडक्टरवर आधार कार्डाच्या प्रती काढतोय.

दुसरी गाठ कोडॅकमध्ये. हाँगकाँगमध्ये जन्मलेले चिंग टँग १९७५मध्ये अमेरिकेत कोडॅकमध्ये रुजू झाले. फोटोफिल्म हा सगळा रंगांचा खेळ असल्याने तिथे रंगरसायनशास्त्रज्ञ आणि भौतिकशास्त्रज्ञ एकाच इमारतीत असत. टँग यांनी कॉपर थॅलोसायनिनचा एक थर घेतला, त्यावर पेरिलीनपासून बनलेल्या एका लालसर रंगद्रव्याचा दुसरा, आणि १९८६मध्ये सुमारे एक टक्का कार्यक्षमतेचा सोलर सेल प्रसिद्ध केला. दोन्ही पदार्थ रंगाच्या कॅटलॉगमधले. लगेच १९८७मध्ये स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांच्यासोबत त्यांनी हीच दोन थरांची युक्ती उलटी वापरली. प्रकाश देऊन वीज घेण्याऐवजी वीज देऊन प्रकाश घेतला. आपल्या फोनचा ओएलईडी पडदा त्याच निबंधाचा वंशज. १९९०मध्ये केंब्रिजच्या गटाने पॉलिमरपासूनही असा दिवा बनवला, पण फोनमध्ये टिकले ते निर्वातात अंथरलेले लहान रेणूच.

रंगद्रव्य आणि अर्धवाहक यांच्यात फरक मग कशाचा? शुद्धतेचा आणि कामाचा. बादलीच्या निळ्यात थोडी अशुद्धी असली तरी निळा निळाच राहतो. सोलर सेलमध्ये तीच अशुद्धी इलेक्ट्रॉनला वाटेत गिळते. म्हणून तोच पदार्थ निर्वातात तापवून त्याची वाफ करायची, पुन्हा थिजवायची, असं वारंवार करून शुद्ध करतात. एक माल टनाने विकला जातो, दुसरा ग्रॅमने, आणि किमतीत कित्येक पटींची तफावत. रेणूचं सूत्र मात्र अक्षरशः तेच.

डाळ-तांदळाचं गणित

सोलर सेलमध्ये पॉलिमर आणायचा तर एक अडचण होती. सिलिकॉनवर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन सुटा होतो. पॉलिमरमध्ये तो आपल्या रिकाम्या जागेला बांधलेलाच राहतो, आणि ही जोडी साधारण दहा नॅनोमीटर फिरून विझून जाते. तेवढ्यात तिला दुसरा पदार्थ भेटला आणि त्याने इलेक्ट्रॉन ओढून घेतला, तरच वीज मिळते. टँगच्या दोन थरांत ही भेट फक्त सीमेवर होई.

१९९२मध्ये कॅलिफोर्नियात सर्दार सारीचिफ्ची, हीगर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की पॉलिमर आपला इलेक्ट्रॉन साठ कार्बनांच्या चेंडूसारख्या फुलरीन रेणूला झटक्यात देतो. १९९५मध्ये त्यांनी दोन्ही पदार्थ एकाच द्रावणात कालवले आणि एकच थर बनवला. डाळ खाली आणि तांदूळ वर असे थर लावायचे सोडून खिचडी केली. आता प्रत्येक शिताशेजारी डाळ होती. अट एवढीच, की शितांची आणि डाळीची सलग वाट दोन्ही टोकांपर्यंत पोहोचली पाहिजे. ते साधणं सोपं नाही, म्हणूनच पुढची पंचवीस वर्षं खपली.

या काळात थायोफिनच्या साखळीचा पॉलिमर या क्षेत्राचा कामाचा बैल बनला. २०१९मध्ये चीनच्या छांग्शा इथल्या झोऊ यिंगपिंग यांच्या गटाने फुलरीनऐवजी वाय-६ नावाचा जोडवलयांचा रेणू वापरून १५.७ टक्क्यांची मजल मारली. आता प्रयोगशाळांतले आकडे वीस टक्क्यांच्या आसपास आहेत. पवईत २०१०पासून राष्ट्रीय सौर संशोधन केंद्र आहे, आणि केंब्रिजला याच विषयात काम करून आलेले दिनेश काबरा यांच्यासारखे शास्त्रज्ञ तिथे ऑरगॅनिक आणि पेरोव्हस्काइट या दोन्ही पदार्थांवर काम करतात.

पण छपरावर अजून सिलिकॉनच आहे. पॉलिमर ऊन, ओल आणि ऑक्सिजन यांच्यापुढे वर्षानुवर्षं तग धरत नाही, आणि दरम्यान सिलिकॉन भलतंच स्वस्त झालं. पॉलिमरचे गुंडाळता येणारे सोलर पॅनेल बनवणारी कोनार्का ही अमेरिकन कंपनी २०१२मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी जानेवारीत कोडॅकनेही दिवाळखोरीचा अर्ज केला होता. ओएलईडीचा धंदा तर तिने २००९मध्येच कोरियाच्या एलजी समूहाला विकून टाकला होता. पहिल्यांदा प्रश्न विचारला म्हणून फळ आपल्याच पदरात पडतं, असंही नाही.

कोणी मागितलं म्हणून

हे सगळं जोडून पाहिलं की ‘आपल्याकडे होतं पण आपण गमावलं’ ही सोपी हळहळ पुरेशी वाटत नाही. माटुंग्याच्या लोकांनी जे विचारलं ते त्यांच्या शहराच्या गरजेचं होतं. गिरण्यांना रंग हवा होता, देशाला औषधं हवी होती, आणि त्या प्रश्नांची उत्तरं त्यांनी जगात मान मिळेल अशी दिली. चुकलं असेल तर ते नंतर. गिरण्या गेल्या, गरजा बदलल्या, तरी पदार्थाकडे पाहण्याची नजर बराच काळ पिंपाच्या मापाची राहिली.

डिसेंबर २०२१मध्ये केंद्र सरकारने सेमीकंडक्टर आणि डिस्प्लेसाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. तेव्हापासून सेमीकंडक्टर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सिलिकॉनची चकती येते, आणि मी ज्या धंद्यात आहे तिथे तर चिप या शब्दापलीकडे चर्चा जात नाही. या इतिहासाकडे पाहिल्यावर मला वाटतं, त्या योजनेच्या टेबलावर रोह्याच्या रंगद्रव्याची माणसं आणि माटुंग्याची रसायनशास्त्राची माणसंही बसायला हवीत. पडद्यातला प्रत्येक प्रकाशमान थर शेवटी कोणीतरी रिॲक्टरमध्ये बनवलेला आणि अतिशुद्ध केलेला सेंद्रिय रेणू असतो. हे कसब आपल्याकडे नव्याने जन्माला घालायचं नाही, त्याला शुद्धतेची पुढची पायरी चढवायची आहे.

मार्च २०२५मध्ये सुदर्शनने जर्मनीच्या ह्यूबाख समूहाचा रंगद्रव्यांचा व्यवसाय विकत घेतला. ह्यूबाखने त्याआधी क्लॅरियंटचा रंगद्रव्य विभाग घेतला होता, आणि क्लॅरियंटकडे तो वारसा हेक्स्टकडून आला होता. हीच ती हेक्स्ट, जिने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲनिलीनपासून नीळ बनवून आपली नीळ उठवली. सव्वाशे वर्षांनी त्या घराण्याची रंगविद्या पुण्याच्या कंपनीच्या हाती आली आहे. तिचं पुढे काय करायचं, हे आता इथेच ठरेल.

आणि रसायनीत तो एक प्लांट उरला आहे. बाकीचे बंद पडत असताना तो वाचला, कारण त्यातून निघणारं रसायन नेमकं कशासाठी हवं, हे सांगणारं कोणीतरी दारात उभं होतं. शेजारच्या ॲनिलीनसाठी तसं कोणी आलं नाही.